टीम हरली म्हणजे जीएम वाईट का? एनएफएलमधले दोन वेगळे हिशोब

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, तिचा रेग्युलर सीझन संपला की दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कोच आणि जनरल मॅनेजर (जीएम) यांना काढायला सुरुवात होते, तिकडे त्या दिवसाला ब्लॅक मंडेच म्हणतात. कारण बहुतेक वेळा एकच, टीम हरली. कोचच्या बाबतीत हे समजू शकतं, पण जीएमच्या बाबतीत मला हे मनापासून खटकतं, कारण टीमचा निकाल ही एक गोष्ट आणि जीएमने घेतलेले निर्णय ही वेगळी गोष्ट. संबंध आहे, पण मध्ये दोन-तीन वर्षांचा उशीर असतो, नशीब असतं, इंजुऱ्या असतात, कोच असतो, मालक असतो.

ज्यांना जीएमचं काम नक्की काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी: आयपीएल ऑक्शनला टेबलवर बसून प्लेअर निवडणारा माणूस वर्षभर तेच काम करतोय असं समजा. ड्राफ्टमध्ये कॉलेजचे प्लेअर घेणं (टीम पाळीपाळीने निवडतात, प्रत्येक पाळी म्हणजे एक पिक, आणि जास्त हरलेल्या टीमला वरचा पिक), फ्री एजंट म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलेले प्लेअर साइन करणं, ट्रेड, कॉन्ट्रॅक्ट, आणि हे सगळं सॅलरी कॅपच्या म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेच्या आत, जी 2024 साली 25.54 कोटी डॉलर होती. मैदानावर काय खेळायचं ते कोच ठरवतो. अर्थात काही टीममध्ये कोचच सगळं ठरवतो, पेट्रियट्समध्ये बिल बेलिचिक 2023 पर्यंत तसाच होता, त्यामुळे आधी निर्णय खरंच कुणाचा होता हे बघायला लागतं.

आता क्लीव्हलँड ब्राउन्सची केस घ्या, मला वाटतं हा फरक यापेक्षा स्पष्ट कुठेच दिसत नाही. 2016 ला साशी ब्राउनकडे तिथली सूत्रं आली आणि पुढच्या 28 मॅचमध्ये टीम फक्त 1 जिंकली. डिसेंबर 2017 मध्ये त्याला काढलं आणि तो सीझन 0-16 (एकही विजय नाही, 16 पराभव) असा संपला. निकालाच्या हिशोबात यापेक्षा वाईट काय असणार! पण निर्णय बघा. ह्यूस्टन टेक्सन्सना ब्रॉक ऑस्वायलरचा 1.6 कोटी डॉलरचा पगार डोक्यावरून उतरवायचा होता, तो ब्राउन्सने स्वतःवर घेतला आणि बदल्यात सेकंड राउंडचा पिक मिळवला, त्याच पिकवर 2018 ला निक चब आला. त्याच टेक्सन्सना 2017 मध्ये 12 नंबरचा पिक देऊन पुढच्या वर्षीचा फर्स्ट राउंड पिक घेतला होता, त्यावर डेन्झेल वॉर्ड आला. माइल्स गॅरेट तर त्याने स्वतःच घेतला होता. पण चब आणि वॉर्डची नावं पुकारली तेव्हा खुर्चीत जॉन डॉर्सी होता आणि कौतुक अर्थातच डॉर्सीचं झालं.

पण साशी ब्राउनला सगळं माफ करायचं का, तर नाही. त्या 12 नंबरवर टेक्सन्सने डीशॉन वॉटसन घेतला आणि आदल्या वर्षी सोडलेल्या 2 नंबरवर ईगल्सने कार्सन वेंट्झ, म्हणजे क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, टीमचा सगळ्यात महत्त्वाचा प्लेअर) नसलेल्या टीमने दोन वर्षं क्वार्टरबॅक सोडला. शिवाय तो वॉर्डवाला पिक 4 नंबर इतका वर आला त्यातही नशीब आहे, 2017 मध्ये वॉटसन प्रॅक्टिसमध्ये जखमी झाला आणि टेक्सन्स कोसळले. एवढ्या वरच्या पिकचं क्रेडिट मी साशी ब्राउनला देणार नाही, ट्रेड करायची कल्पना मात्र पूर्ण त्याची.

गंमत म्हणजे हाच डॉर्सी कॅन्सस सिटी चीफ्समध्ये उलट्या बाजूला होता. एप्रिल 2017 मध्ये त्याने 27 वरून 10 नंबरवर उडी मारून क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स घेतला आणि दोन महिन्यांच्या आत त्याला काढलं, नंतरचे तीन सुपर बोल (लीगची फायनल) त्याच्या जागी आलेल्या ब्रेट वीचच्या नावावर लागले. मग वीच फुकट मोठा झाला का? तसंही नाही, महोम्स घ्या म्हणून मागे लागणाऱ्यांत तो होताच, आणि 2022 मध्ये टायरीक हिलसारखा स्टार डॉल्फिन्सला देऊन पाच पिक घ्यायची हिंमत त्याची होती, त्यानंतर टीमने लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले.

बरं, एका सीझनचा रेकॉर्ड सुद्धा किती फसवा असतो बघा. 2022 चे वायकिंग्ज 13-4, पण त्यांनी 424 पॉइंट केले आणि 427 दिले! एका स्कोअरच्या (8 किंवा कमी पॉइंटच्या) फरकाने संपलेल्या 11 च्या 11 मॅच त्यांनी जिंकल्या होत्या. पुढच्या वर्षी 7-10. क्वार्टरबॅक कर्क कझिन्सची इंजुरी होतीच, पण जवळच्या मॅच कायम जिंकता येत नाहीत.

आणि ड्राफ्ट? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांच्या अभ्यासात असं निघालं की एखाद्या पोझिशनला आधी घेतलेला प्लेअर त्याच पोझिशनच्या पुढच्या प्लेअरपेक्षा चांगला निघण्याची शक्यता 52 टक्के असते, म्हणजे जवळपास टॉस. पुढे महान ठरलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी 2000 साली 199 नंबरला मिळाला हे सगळे सांगतात, पण त्याच ड्राफ्टमध्ये पेट्रियट्सनी त्याच्या आधी सहा प्लेअर घेतले होते, इतकी खात्री असती तर थांबले असते का? मला त्या पिकपेक्षा पुढचा निर्णय मोठा वाटतो, त्या वर्षी त्यांनी टीममध्ये चार क्वार्टरबॅक ठेवले, बहुतेक टीम दोन-तीन ठेवतात, आणि तो चौथा ब्रेडी होता.

म्हणून मी जीएमकडे बघताना विचारतो की त्या दिवशी काय माहीत होतं, किंमत काय दिली, जास्तीचे पिक जमवले का (रेव्हन्सचा जीएम ओझी न्यूसम यात फार पुढे होता), आणि चूक झाल्यावर काय केलं. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोक तो विचारतच नाहीत. फिलाडेल्फिया ईगल्सच्या जीएम हावी रोझमनने 2020 मध्ये 21 नंबरला जेलेन रेगर घेतला, लगेच 22 नंबरला वायकिंग्जने जस्टिन जेफरसन. फिलाडेल्फियाच्या फॅन्सना याचा किती त्रास झाला असेल! पण रेगर अजून बहरेल म्हणत रोझमन बसून राहिला नाही, 2022 च्या ड्राफ्टच्याच रात्री टायटन्सना 18 आणि 101 नंबरचे पिक देऊन ए. जे. ब्राउन आणला आणि त्याच ऑगस्टमध्ये रेगरला सोडलं, तेही वायकिंग्जकडेच. बॉल फेकणारा जेलेन हर्ट्स त्या फसलेल्या 2020 च्या ड्राफ्टमधलाच, सेकंड राउंड, 53 नंबर. फेब्रुवारी 2025 मध्ये हर्ट्स आणि ए. जे. ब्राउन हे दोघं चीफ्सला 40-22 हरवून सुपर बोल जिंकले, तो 2020 चा ड्राफ्ट होऊन तोवर जवळजवळ पाच वर्षं झाली होती.