लायसन्स कोणतं, पैसा कुणाला : थोडी पार्श्वभूमी

मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचे हिशेब आणि माल सांभाळणारं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर जीपीएल लायसन्सखाली आहे. ते ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे पायाभूत सांगाड्यावर, उभं आहे, त्याला मात्र एमआयटी लायसन्स. एकाच घरातल्या या दोन तऱ्हांचा अर्थ काय, हे कळायला मागे जावं लागतं.

१९६९ पर्यंत आयबीएम सॉफ्टवेअरचे वेगळे पैसे लावत नसे. मशीनसोबत ते यायचंच. त्या वर्षी तिने दर वेगळे करायचं ठरवलं आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विकायचा माल झाला. आपल्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम आले १९८४च्या दुरुस्तीने. त्याने नक्कल थांबली नाही, हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातल्या गिऱ्हाइकांना सांगायला नको.

१९८९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी जीपीएल आणलं. कोड घ्या, बदला, खुशाल विका. पण प्रोग्रॅम ज्याला द्याल, त्याला कोडही त्याच अटींवर द्या. (विकायला बंदी नाही, हे आजही अनेकांना खरं वाटत नाही.) एमआयटी त्याहून सैल: मूळ कॉपीराइटची नोंद ठेवा, मग कोड कुलूपबंद करून विकलात तरी चालेल.

जीपीएलच्या ‘कोडही द्या’ या अटीवरच मायएसक्यूएल या डेटाबेस कंपनीने कमाई केली. कोड उघडा करायचा नसेल, त्याने पैसे मोजून वेगळं लायसन्स घ्यावं. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टम्सने ती कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरला घेतली. लिनक्सवाल्या रेड हॅटने सपोर्टची वर्गणी लावली.

गणित बिघडवलं क्लाउडने. क्लाउडवाला सॉफ्टवेअर कुणाला देतच नाही, नुसतं चालवून भाडं घेतो. मग जीपीएलची अट लागणार कुठे? २००७ च्या एजीपीएलने, म्हणजे जीपीएलच्या भावंडाने, बदललेल्या कोडपुरती ही फट बुजवली: तो नेटवर्कवरून नुसता चालवला, तरी वापरणाऱ्याला द्यायचा. तेवढ्याने भागेना, म्हणून डेटा साठवण्या-शोधण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये लायसन्स कडक केलं. उलट इलॅस्टिक आणि रेडिसच्या जुन्या खुल्या कोडवरून इतरांनी ओपनसर्च आणि वाल्की या वेगळ्या आवृत्त्या काढल्या, म्हणजे फांद्या फुटल्या. पुढे इलॅस्टिक आणि रेडिस दोघांनीही एजीपीएलचा पर्याय दिला. माझ्या मते, लायसन्स नंतर आवळल्यामुळे गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

फ्रापेच्या दोन्ही लायसन्सनी दुसऱ्याला होस्टिंग, म्हणजे आपल्या सर्व्हरवर ते चालवून देण्याची सेवा, विकण्यापासून अडवलेलं नाही. कंपनी स्वतःही होस्टिंग आणि सपोर्टवरच कमावते. ठाण्यातला एखादा कन्सल्टंट भिवंडीच्या गोदामासाठी ईआरपीनेक्स्टमध्ये फेरफार करून देईल, तर लायसन्स फी शून्य, बिल त्याच्या कामाचं. तो बदललेला कोड त्याने गोदामवाल्याला द्यायचा. साऱ्या जगाला द्यायची सक्ती नाही.