बँडविड्थ व्यवस्थापन (ग्रामीण विदर्भ)

इंटरनेट पुरवठादाराच्या लाइनची क्षमता ग्राहकांमध्ये वाटणे आणि गर्दीच्या वेळी पॅकेटांची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) रांग आटोक्यात ठेवणे, याला बँडविड्थ व्यवस्थापन म्हणतात.

समजा, गावात येणारी लाइन १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट) आहे आणि ४० घरांनी प्रत्येकी २० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आहे. बेरीज ८०० होते. सगळी घरे एकाच वेळी पूर्ण वेग ओढत नाहीत, म्हणून हे चालते आणि त्यात गैर काही नाही. अडचण रात्रीच्या जेवणानंतर येते. वरच्याने दार उघडे ठेवले की टेलच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही, हे कालव्यावर ओलीत करणाऱ्यांना सांगायला नको. इथेही वाटणी केलेली नसेल, तर ज्या घरातले टोरेंट (फाइली उतरवण्याचे सॉफ्टवेअर) इंटरनेटवरच्या इतर संगणकांशी एकदम तीस जोडण्या उघडते ते जवळपास तीस वाटे नेते. म्हणून वाटणी जोडणीगणिक नव्हे, ग्राहकागणिक करावी लागते.

दुसरा दोष रांगेचा आहे, आणि तो वेगाच्या तुटवड्याहून जास्त छळतो. १० एमबीपीएसच्या अपलोडवर राउटरमध्ये १ एमबी (८ मेगाबिट) डेटा साचला, की मागून आलेले पॅकेट ०.८ सेकंद अडकते. फोनवरच्या बोलण्याला एका बाजूचा उशीर ०.१५ सेकंदाच्या आत हवा. जुलैअखेर सेतू केंद्रात पीक विम्याचे अर्ज भरायला माणसे ताटकळत असतात. त्याच लाइनवर कुणी लग्नाचा व्हिडिओ चढवायला लावला, की पोर्टलचे पान नुसते फिरत राहते. स्पीड टेस्टमधला वेगाचा आकडा इथे फसवतो. अपलोड चालू ठेवून पिंग, म्हणजे छोटा संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, पाहावा. २० मिलिसेकंदांचे ८०० झाले, तर दोष रांगेचा.

यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. ती रांगेची लांबी न पाहता पॅकेट किती वेळ थांबले ते पाहते. हा वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, की काही पॅकेट टाकून देते आणि पाठवणारा वेग कमी करतो. मात्र रांग आपल्याच राउटरमध्ये राहावी, यासाठी राउटरवरची वेगमर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली बांधावी लागते.

जंगलपट्ट्यात नेमके हेच चुकते. गावापर्यंत इंटरनेट आणणारी बिनतारी रेडिओ लिंक उन्हाळ्यात, साग निष्पर्ण असताना बसवली जाते. पावसाळ्यात पाने भरली की ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उतरतो, लिंकचा वेग बांधलेल्या मर्यादेखाली जातो आणि रांग टॉवरवरच्या रेडिओत सरकते. तिथे कोडेलचा हात पोचत नाही. म्हणून मृग लागला की लिंकचा वेग पुन्हा मोजून मर्यादा उतरवावी आणि पानगळीनंतर वाढवावी.