‘जमीन पडीकच आहे’ : गोव्यातील सौर प्रकल्पांच्या वादामागची पार्श्वभूमी

मोठ्या सौर प्रकल्पाचा विषय गावात निघाला की ‘जमीन पडीकच आहे’ हे वाक्य कुठून ना कुठून येतेच, आणि ठिणगीही तिथेच पडते. सौर वीज हवी की नको, यावर गोव्यात फारसे दुमत नाही. राज्यात वीजनिर्मितीचे मोठे केंद्र नाही, वीज बाहेरून येते आणि ती आणणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांसाठीच्या जंगलतोडीवरून मोले परिसरात केवढा वाद झाला, ते वाचकांना ठाऊक आहे. वाद त्या एका शब्दाचा आहे.

गोव्यातला जमिनीचा उतारा म्हणजे फॉर्म एक व चौदा. त्यावर लागवडीच्या क्षेत्राचे रकाने आहेत ते असे : जिरायत, बागायत, तरी (भातशेत), खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेती), केर, मोरड. पुढे लागवडीस अयोग्य जमिनीचे वर्ग अ आणि ब, मग पोटखराब. यात ‘पडीक’ कुठेच नाही. तो बोलण्यातला शब्द. शेजाऱ्याने दोन पावसाळे नांगर घातला नाही की आपण म्हणतो, शेत पडीक पडले. ‘पडीक पडले’ यात काहीतरी घडून गेल्याची खूण आहे; ‘पडीक आहे’ म्हटले की ती खूण पुसली जाते आणि जमीन जन्मतःच तशी असल्यासारखी वाटू लागते. उताऱ्यावरची पोटखराब म्हणजे खडक, ओहोळ, वाट अशी जागा. तिचा आणि ओस पडलेल्या भातशेताचा काही संबंध नाही, तरी चर्चेत दोन्ही एकाच पोत्यात भरली जातात.

जुना इतिहास इथे उगाळत नाही. पोर्तुगीज अमलातही न कसलेल्या जमिनीचा वेगळा हिशेब होता आणि ती लागवडीच्या अटीवर आल्वाऱ्याने, म्हणजे सरकारी पट्ट्याने, दिली जाई, इतके पुरे. मात्र दप्तराने ‘न कसलेली’ म्हटलेल्या डोंगरावर तेव्हाही कोणी कुमेरी (फिरती शेती) करत होते, कोणी गुरे चारत होते, हे लक्षात ठेवायला हवे.

खरी गुंतागुंत मुक्तीनंतरची. 1964 मध्ये कूळ कायदा आला, 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. दुरुस्ती न्यायालयात अडकली, 1984 मध्ये घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेली. कुळाच्या हाती पक्का हक्क येईपर्यंत किनारी गावांत जमिनीचे भाव चढू लागले होते आणि भाताच्या कुणग्यांकडे, म्हणजे छोट्या शेतांकडे, प्लॉट म्हणून बघणारे येऊ लागले होते.

म्हणून 1991 चा जमीन वापर नियमन कायदा. कूळ कायद्याखाली कुळाकडे आलेली जमीन शेतीखेरीज कशासाठीही वापरता येणार नाही, असे त्याचे सार. यावर तेव्हापासून दोन तट आहेत. एक म्हणतो, भाटकाराची (जमीनदाराची) जमीन रूपांतर होऊन विकली जाते आणि कुळाच्याच पायात बेडी का? मालक केलात तर पुरता मालक करा. दुसरा म्हणतो, ही जमीन बाजारभावाने विकत घेतलेली नाही. कसणाऱ्याला ती कसण्यासाठी मिळाली, इमल्यासाठी नव्हे. मला दुसरे म्हणणे पटते, पण पहिल्यातली कळ खोटी नाही. सत्तरी ओलांडलेले कूळ, मुलगा पणजीत नोकरीला, सून शेतात उतरणार नाही, आणि भाताला मिळणाऱ्या पैशात नांगरणीही सुटत नाही. अशा घरी कोणी वर्षाच्या भाड्याचा आकडा घेऊन आला तर त्याला दारातून परत पाठवणे सोपे नसते.

पण शेते पडीक पडली कशी? मजूर मिळत नाहीत, हे उत्तर सगळे देतात आणि ते खरेही आहे. पण अपुरे आहे. पूर्वी खाजनांचे बांध आणि मानशी (भरतीचे पाणी अडवणारी दारे) यांची देखभाल गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या, व्यवस्थेतून होई. कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली. मानशीच्या मासळीचा लिलाव भातापेक्षा किफायतशीर ठरला तशी खारे पाणी आत राहू देण्याची सवय लागली. बांध फुटला की डागडुजी कोणी करायची यावर बैठका होत राहिल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागात खाणींचा गाळ पावसाबरोबर शेतांत उतरला. 2012 मध्ये खाणी थांबल्या, म्हणून गाळ उठून गेला नाही. अशी जमीन आज ओस दिसते आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हटले जाते, बघा, पडीक. खाणीचा माल काढून उरलेले उजाड ढीग जवळच असताना बोट शेताकडेच का वळते, हा प्रश्न गावात कोणी विचारला तर त्याला विकासविरोधी म्हणण्याची घाई होऊ नये.

राज्याचे सौर धोरण 2017 चे. त्याचा भर छपरांवर राहिला, त्यामुळे शेताचा प्रश्न फारसा आला नाही. तो आणला 2019 च्या केंद्रीय कुसुम योजनेने. तिच्या पहिल्या घटकात शेतकऱ्याने, सहकारी संस्थेने किंवा पंचायतीने अर्धा ते दोन मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा, जमीन वीज उपकेंद्राच्या पाच किलोमीटरच्या आत असावी, वीज खरेदीचा करार पंचवीस वर्षांचा. स्वतःला जमत नसेल तर जमीन विकासकाला भाड्याने द्यायची. सुरुवातीला भर नापीक आणि पडीक जमिनीवर होता; पिकाऊ जमीन चालेल, पण सौर पटले (पॅनेल) उंच खांबांवर हवीत आणि खाली पीक घेता आले पाहिजे. 2020 मध्ये चराऊ आणि दलदलीची जमीनही यादीत आली. राजस्थानात बसून वाचले तर यात वावगे काही नाही. गोव्यात मात्र दलदल म्हटले की नजर खाजनाकडे जाते. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजनात विकासकामांना मनाई आहे. चराऊ म्हटले की सडा, म्हणजे जांभ्याचे पठार, आठवतो. वरून नुसता काळा जांभा, पण पावसाचे पाणी त्यातूनच मुरते आणि खालच्या गावांच्या झरींना मिळते.

हिशेबही पाहावा. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर लागतात, म्हणजे आपल्या गोव्याच्या मापात 16 ते 20 हजार चौरस मीटर. कुळाचा कुणगा पाचशे, हजार मीटरचा. एका मेगावॉटसाठी वीस ते चाळीस कुणग्यांच्या मेरा (बांध) मोडून ते एकत्र करावे लागतील. कर्नाटकात पावगड येथे सुमारे 13 हजार एकरांवर 2,050 मेगावॉट उभे राहिले ते भाडेपट्ट्याने, सुरुवातीला एकरी वर्षाला 21 हजार रुपये. जमीन विकावी लागली नाही, म्हणून त्याचे कौतुक होते. पण भाडे मिळते ते जमीन नावावर असणाऱ्याला. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याच्या हाती त्यातले काही पडत नाही. आणि 13 हजार एकर म्हणजे 52 चौरस किलोमीटर, आख्ख्या तिसवाडी तालुक्याचा सुमारे चौथा हिस्सा. तेवढा एकसंध पट्टा गोव्यात मागणार कुठे?

गावकऱ्यांच्या संशयाला ताजी कारणे आहेत. सत्तरीतील शेळ-मेळावली येथे सरकारी नावावरची सुमारे दहा लाख चौरस मीटर जमीन एका उच्च शिक्षणसंस्थेसाठी ठरवली गेली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या काजू लावणारे लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. 2023 मध्ये भातशेती बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून कायदा झाला. त्याच वर्षी नगर नियोजन कायद्यात 17(2) हे कलम आले, पुढच्या वर्षी 39-अ, आणि जमिनींचे झोन बदलू लागले. एका हाताने कुंपण घालायचे आणि दुसऱ्याने कवाड उघडायचे, असे हे.

त्यामुळे प्रस्ताव आला की पटलांच्या चित्रांआधी एक-चौदा मागवावा आणि नावांचे रकाने वाचावेत. कब्जेदार म्हणून कोमुनिदाद (जुनी गावकारी संस्था) किंवा भाटकार, खाली कूळ, इतर हक्कांत आणखी कोणी, असा उतारा गावोगाव सापडतो. कित्येक कुळे 1976 पासून कायद्याने मालक आहेत, पण मामलेदारांपुढचे खरेदीचे प्रकरण पुरे न झाल्याने कागदावर अजून कूळच आहेत. करारावर सही करायला वरच्या रकान्यातला मालक पुढे येतो. 1991 चा कायदा बघतो तो खालचा रकाना, आणि शेत किती वर्षे ओस आहे हे तो विचारत नाही.