आजारपणातले ईएसआयसीचे पैसे: अर्ज नेमका कुठे अडतो

आजारपणात पगार बुडाला तर ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळ, कामगारांची सरकारी विमा संस्था) सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम देते, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला (दिव्यांग असल्यास २५,०००) कामगार यात येतो. तरीही खरोखर आजारी असलेली माणसं शाखा कार्यालयातून रिकाम्या हाताने परततात.

पहिली अडचण ७८ दिवसांची. सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान इतक्या दिवसांचं अंशदान, म्हणजे विम्याचा हप्ता, भरलेलं हवं. पण हा कालावधी म्हणजे आजारपणाच्या आधीचे सहा महिने, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनमधलं आजारपण धरतात. ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर जुलै ते डिसेंबरमधलं. आयुष्यात पहिल्यांदाच विमा निघाला असेल, तर नऊ महिने झाल्यावरच हक्क सुरू होतो. म्हणजे १० एप्रिलला कामाला लागलेला नवा मुलगा नोव्हेंबरमध्ये टायफॉइडने झोपला, तर पगारातून दरमहा कपात होऊनही त्याला हे पैसे मिळत नाहीत. उपचार मिळतात, तेवढे सोडू नका.

दुसरी अडचण कागदाची. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी सहसा चालत नाही. पहिल्याच दिवशी ईएसआयसीच्या दवाखान्यात जा आणि प्रमाणपत्र घ्या. ताप उतरल्यावर गेलात, तर मागची तारीख मिळेल असं धरू नका. आजार लांबला तर मधली प्रमाणपत्रं खंड न पडता घ्या, बरे झाल्यावर अंतिम प्रमाणपत्र घ्या. तारखांमध्ये एका दिवसाची फट राहिली तरी तो दिवस जातो.

तिसरी अडचण हजेरीची, आणि हीच सगळ्यात जास्त नडते. तुम्ही त्या दिवसांत खरंच गैरहजर होता का, हे कार्यालय मालकाकडून पडताळून घेऊ शकतं. सुपरवायझरने माणुसकी म्हणून मस्टरवर भरपगारी रजा टाकली, किंवा अर्धा दिवस येऊन पंच केलं, तर त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. पगार आणि लाभ एकाच दिवसाचे दोन्ही मिळत नाहीत. आजारी पडताच हजेरीवाल्याला स्पष्ट सांगा: बिनपगारी मांडा, ईएसआयसीत दावा करणार आहे. ठेकेदाराकडे असाल तर ईएसआयसीच्या पोर्टलवर स्वतःच्या विमा क्रमांकाने लॉगिन करून त्याने महिन्याचे किती दिवस भरलेत ते बघा. सव्वीस दिवस राबून बारा भरलेले दिसले तर तेव्हाच तक्रार करा. आजारी पडल्यावर ते निस्तरायला कुणाला त्राण असतं?

बाकी सोपं आहे. प्रमाणपत्रं, दाव्याचा फॉर्म आणि बँक तपशील शाखा कार्यालयात द्या. पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत, तो नियमच आहे. मात्र आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर तेही मिळतात. आणि हा लाभ चालू असताना मालक तुम्हाला कामावरून काढू शकत नाही.