भरतीची वाट मोकळी हवी

खाडीकाठच्या कांदळवनातल्या तिवराचं पान उन्हाकडे तिरकं धरलं की त्यावर बारीक पांढरे कण चमकतात. ते मीठ असतं. मुळांतून आत आलेलं जादा मीठ हे झाड पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. त्याच वनातल्या कांदळाची तऱ्हा निराळी. तो बहुतेक मीठ मुळाशीच गाळून अडवतो. त्याच्या बिया झाडावर असतानाच रुजतात, लांब शेंगेसारख्या खाली लोंबतात आणि गळल्या की चिखलात रोवल्या जातात किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जातात.

तिवराभोवतीच्या चिखलात बोटाएवढी शेकडो मुळं आभाळाकडे तोंड करून उभी दिसतात. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून खालची मुळं या श्वसनमुळांच्या छिद्रांतून हवा घेतात. ओहोटीला ती उघडी पडतात, भरतीला बुडतात. पाणी आलं आणि उतरलंच नाही, तर झाड गुदमरून मरतं. कांदळवनाचं सगळं जगणं दिवसातून दोनदा येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यावर बेतलेलं आहे. आपल्याला त्याच्याकडून जे मिळतं, तेही या पाण्याच्याच जोरावर.

भरतीचं गढूळ पाणी या मुळांच्या गर्दीत शिरलं की त्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. शहराच्या सांडपाण्यातले जड धातूही बऱ्याच प्रमाणात या गाळाला चिकटून राहतात. किनारा धरून ठेवला जातो आणि लाटांची ताकदही इथेच खर्ची पडते. शंभर मीटर रुंदीचं कांदळवन ओलांडताना लाटेची उंची 13 ते 66 टक्क्यांनी कमी होते, असं वेगवेगळ्या ठिकाणच्या मोजमापांत आढळलं आहे. आकड्यांत एवढं अंतर पडतं ते झाडांची दाटी, मुळांची ठेवण आणि पाण्याची खोली जागोजागी बदलते म्हणून.

ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा होता, तिथे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. त्याच अभ्यासानुसार वेळेत दिलेल्या इशाऱ्याने याहून जास्त जीव वाचवले. हे मुद्दाम सांगायला हवं. झाडं इशाऱ्याची जागा घेत नाहीत, पण इशारा मिळूनही मागे राहिलेल्या माणसांच्या आणि लाटेच्या मध्ये तीच उभी असतात.

मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्या पावसात कोणत्याही जंगलाने शहर कोरडं ठेवलं नसतं. पण भरतीच्या वेळी पावसाचं पाणी पसरायला खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी दलदल, लागतं, आणि मिठी नदीच्या मुखाजवळची खाजणं आपण भराव घालून केव्हाच बुजवली होती. वांद्रे-कुर्ला संकुल अशाच दलदलीच्या जागेवर उभं आहे.

खाडीकाठच्या माणसाला विचाराल, तर तो लाटांआधी मासळीबद्दल बोलेल. गळलेली पानं खेकडे बिळात ओढून नेतात, उरलेली जिवाणू आणि बुरशी कुजवतात. त्या कुजक्यावर बारीक जीव पोसतात, त्यांच्यावर कोळंबी आणि माशांची पिल्लं. बोय आणि जिताड्याची पिल्लं मुळांच्या आडोशाला वाढतात, चिंबोऱ्या तिथेच बिळं करतात. ओहोटीला निवटी ही छोटी मासळी चिखलावर परांच्या जोरावर सरपटताना दिसते. ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून ती हवेतला प्राणवायू घेऊ शकते. कालवं काढायला बायका याच चिखलात उतरतात. हा चिखल मेला की घरचं कालवण आणि बाजारचा पैसा दोन्ही जातात, आणि ही खोट कुठल्याही प्रकल्प अहवालाच्या रकान्यात मला नीट भरलेली दिसत नाही.

जमिनीखालचा साठा तर डोळ्यांना दिसतही नाही. प्राणवायूवाचून कुजणं फार हळू चालतं, त्यामुळे कार्बन शतकानुशतकं चिखलात पडून राहतो. हिंद आणि प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातल्या कांदळवनांत हेक्टरी सरासरी हजार टनांच्या आसपास कार्बन मोजला गेला आहे. त्यातला मोठा वाटा झाडांत नसून मातीत आहे. माती उघडी पडली की तो पुन्हा हवेत जायला लागतो.

कागदावर संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली, 2018 च्या निकालात भोवतालचा 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. 2012 पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, 2020 मध्ये पांढरी चिप्पी राज्य कांदळवृक्ष झाली. 2021 च्या वनस्थिती अहवालात राज्यात 324 चौरस किलोमीटर कांदळवनाची नोंद आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण कांदळवन मारायला कुऱ्हाड लागत नाही. बांध घातला, रस्त्याच्या भरावाखाली अपुऱ्या रुंदीचे पाइप टाकले, राडारोड्याने एखादा ओहळ बुजवला की पुरे. पानं पिवळी पडतात, फांद्या वाळतात आणि काही काळाने ती जमीन ‘पडीक’ ठरते.

मग बदल्यात दुसरीकडे रोपं लावू म्हणतात. इथे मला ठामपणे विरोध करावासा वाटतो. खाडीच्या मुखाशी असलेलं कांदळवन ज्या वस्तीला लाटेपासून राखत होतं, तिला दुसऱ्या तालुक्यातल्या रोपांचा काही उपयोग नाही. शिवाय रोपं जगतातच असंही नाही. फिलिपिन्समध्ये काही दशकं मोठ्या प्रमाणावर लागवड झाली, तरी दीर्घकाळ टिकलेल्या रोपांचं प्रमाण साधारण 10 ते 20 टक्केच राहिलं. तिवर आणि चिप्पीच्या जागी कांदळ लावला गेला, कारण त्याच्या शेंगा गोळा करून रोवायला सोप्या. कित्येक ठिकाणी तर मुळात झाडं नसलेल्या, सतत पाण्याखाली राहणाऱ्या चिखलपट्ट्यांवर लागवड केली गेली.

फ्लोरिडातले कांदळवन पुनरुज्जीवनाचे अभ्यासक रॉय लुईस यांनी याच्या उलट वाट धरली. आधी भरतीचं पाणी का थांबलं ते शोधायचं, जमिनीची उंची आणि चर दुरुस्त करायचे, आणि मग वाट पाहायची. आसपास झाडं उरलेली असतील तर बिया पाण्याबरोबर आपोआप येतात. आपल्या खाड्यांच्या काठी, ठाण्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत, जिथे तिवर उभ्या उभ्या वाळतोय तिथे पहिली तपासणी भरावाखालच्या पाइपांची व्हावी: भरतीचं पाणी पलीकडे किती पोचतं, आणि ओहोटीला किती वेळात परत फिरतं. एका मोठ्या भरतीच्या दिवशी दोन्ही बाजूंना खुणेची काठी रोवली तर हे कुणालाही मोजता येतं.