एक घर, एक फोन: आदर्श यंत्राच्या कल्पनेमागचा इतिहास

भविष्यात हातात कोणतं यंत्र असावं, याची चर्चा सध्या जोरात आहे. कुणाला चष्म्यातला संगणक हवा, कुणाला पडद्याविना नुसत्या आवाजावर चालणारा. अशी स्वप्नं ऐंशी वर्षांपासून रंगवली जात आहेत. त्यांतल्या बहुतेकांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली होती: यंत्र एकाच माणसाचं असणार. मराठवाड्यातून बघताना मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जुलै १९४५ मध्ये अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी ‘मेमेक्स’ची कल्पना मांडली. टेबलाएवढ्या यंत्रात मायक्रोफिल्मवर माणसाची सगळी पुस्तकं, पत्रं, टिपणं, आणि एका कागदावरून संबंधित दुसऱ्या कागदाकडे जाण्याची सोय. ते कधीच तयार झालं नाही. पुढे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी ते स्वप्न वहीच्या आकारात आणलं. १९७२ च्या त्यांच्या निबंधातल्या ‘डायनाबुक’चं वजन ४ पौंडांच्या आत आणि किंमत ५०० डॉलरच्या आसपास अपेक्षित होती. मुलांनी त्यावर स्वतः प्रोग्रॅम लिहावेत, हा त्यांचा आग्रह होता. आजच्या टॅबलेटने आकार तेवढा उचलला, आग्रह सोडून दिला.

वेगळा विचार झाला तो बंगळुरूत. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतले अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ हा हातात मावणारा संगणक घडवला. २००१ पर्यंत नमुना तयार होता, २००४ मध्ये ‘अमिडा’ नावाने तो बाजारात आला. वाचता न येणाऱ्यासाठी मजकूर मोठ्याने म्हणून दाखवण्याची सोय त्यात होती. पण खरी युक्ती स्मार्ट कार्डाची. अनेकांनी मिळून एक यंत्र वापरायचं. प्रत्येकाने आपलं कार्ड घालायचं, काम उरकायचं आणि आपली माहिती कार्डासकट घरी न्यायची. सिम्प्युटर फारसा खपला नाही. मोबाइल झपाट्याने स्वस्त झाले आणि ती युक्ती मागे पडली.

‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पातला एक्सओ लॅपटॉप २००७ मध्ये रायगडमधल्या खैराटच्या शाळेत आला. त्याचा पडदा भर उन्हात वाचता यायचा. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारच्या ‘आकाश’ टॅबलेटची घोषणा झाली. स्वस्त होता, पण फार मंद आणि बॅटरीला कमजोर.

आता आपल्याकडे या. बीड, धाराशिवमधली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. घरातला फोन आईवडिलांबरोबर फडात जातो, आजीजवळ राहिलेलं लेकरू त्याविना राहतं. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर आली तेव्हा एका फोनमागे तीन भावंडं, हे चित्र गावोगाव होतं.

२०२१ मध्ये ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः फोनवरून पिकाची नोंद करणं, राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभं राहायचं, पीक आणि क्षेत्र निवडायचं, सोयाबीनचा फोटो काढायचा. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून एकजण उपरण्याचा आडोसा धरतो नि दुसरा बटणं दाबतो. हा दुसरा बहुधा पुतण्या, कारण फोन त्याचा. पीएम किसान योजनेच्या केवायसीचं, म्हणजे ओळख पटवण्याचं, तर आणखी अवघड: आधारला जोडलेला नंबर पुण्यात कामाला असलेल्या लेकाचा, ओटीपी तिकडे जातो. मग फोन लावायचा, ‘आकडा आलाय का रे बाबा, लवकर सांग.’ लेक कामावर, फोन उचलत नाही. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. शेवटी सेवा केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा.

मराठी बोलून लिहिण्याची सोय गुगलने २०१७ मध्ये दिली, आणि ज्याला टंकायचा कंटाळा त्या वडीलधाऱ्यांनी ती मनापासून स्वीकारली. आवाजाचा प्रश्न बराचसा सुटतो आहे. मालकीचा मात्र तसाच आहे. अँड्रॉइड फोनवर एकाहून अधिक वापरकर्त्यांची सोय २०१४ पासून आहे, तरी कित्येक फोनांत कंपन्या ती बंद ठेवतात. ती सुरू झाली तर आजीची औषधं, नातवाचा अभ्यास आणि काकांचा सातबारा एकाच फोनवर वेगवेगळ्या कुलपांत राहू शकतील. ओटीपीची अडचण त्यानेही सुटणार नाही. तिथे यंत्र बनवणाऱ्यांआधी योजना आखणाऱ्यांनी एका घरात एकच फोन आहे असं धरून चालायला हवं.