बास, फ्लिंडर्स आणि मधली सामुद्रधुनी

ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्यामधल्या समुद्राला बासची सामुद्रधुनी म्हणतात. हा जॉर्ज बास जहाजावरचा डॉक्टर होता, आणि सामुद्रधुनीला त्याचे नाव सुचवले ते त्याचा मित्र मॅथ्यू फ्लिंडर्स याने. त्याआधी टास्मानिया हे मुख्य भूमीचेच दक्षिण टोक समजले जाई. इंग्लंडहून येणारी शिडाची जहाजे त्या टोकाला वळसा घालूनच सिडनी गाठत.

दोघेही इंग्लंडच्या लिंकनशरमधले. ओळख झाली ती ‘रिलायन्स’ जहाजावर. फेब्रुवारी १७९५मध्ये निघालेले हे जहाज सप्टेंबरात सिडनीला लागले. बास तेव्हा २४ वर्षांचा, फ्लिंडर्स २१ वर्षांचा. बासने सोबत एक छोटी होडी आणली होती, ‘टॉम थंब’. लांबी आठ फूट, रुंदी पाच फूट. किनारा धुंडाळायला हे दोघे आणि बासच्या हाताखालचा विल्यम मार्टिन हा पोऱ्या एवढेच या खेळण्यातून निघाले. आपल्याकडचा कुठलाही तांडेल असल्या होडीत बसून खाडीच्या तोंडाबाहेर जायला नकोच म्हणेल.

पुढच्या मार्चमध्ये अशाच दुसऱ्या होडीतून ते दक्षिणेला गेले. लाटेने होडी भरली, बंदुकांची दारू भिजली. ती वाळूवर वाळत घातली असताना तिथले आदिवासी जमले. आधी भेटलेल्या दोघांचे केस-दाढी या गोऱ्यांनी कातरले होते. तेच बाकीच्यांनाही हवे होते की काय, फ्लिंडर्सने कात्री काढली आणि एकेकाची दाढी कातरायला बसला. तेवढ्या वेळात बासने दारू वाळवून घेतली. भीती दोन्हीकडे होती. काही म्हातारे तर नाकापुढची कात्री पाहून थरथरत होते, असे फ्लिंडर्सनेच लिहून ठेवले आहे.

सामुद्रधुनीचा संशय बळावला तो कलकत्त्याच्या एका जहाजामुळे. ‘सिडनी कोव्ह’ पिण्याची दारू आणि इतर माल घेऊन सिडनीकडे येत असताना फेब्रुवारी १७९७मध्ये फुटायच्या बेतात आले, म्हणून टास्मानियाच्या ईशान्येच्या एका बेटावर चढवावे लागले. खलाशी बहुतेक हिंदुस्थानी. मदत आणायला १७ जण होडीतून निघाले, तीही किनाऱ्यावर आपटली. मग शेकडो मैल पायपीट. सिडनीपर्यंत तिघेच पोचले. त्यांतला एक हिंदुस्थानी होता. त्या भागातल्या समुद्रप्रवाहांची माहिती हळूहळू सिडनीत पोचू लागली, आणि मध्ये मोकळे पाणी असावे असे वाटू लागले.

डिसेंबर १७९७मध्ये बास सहा वल्हेकरी घेऊन व्हेलच्या शिकारीच्या उघड्या होडीतून निघाला. शिधा सहा आठवड्यांचा, पण तो परतला अकराहून जास्त आठवड्यांनी. मुख्य भूमीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेस्टर्न पोर्ट या खाडीपर्यंत जाऊन आला. तिथली भरती-ओहोटी आणि नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा पाहून पुढे मोकळा समुद्र असणार, हे त्याला कळून चुकले. पुरावा मात्र हाती नव्हता.

तो मिळाला पुढच्या वर्षी. ऑक्टोबर १७९८मध्ये सिडनीच्या वसाहतीचा गव्हर्नर हंटर याने दोघांना २५ टनांचे ‘नॉरफोक’ हे गलबत आणि आठ खलाशी दिले. ९ डिसेंबरला टास्मानियाच्या वायव्य टोकापाशी नैऋत्येकडून लांबच लांब, उंच लाटा येऊन खडकांवर फुटताना दिसल्या. एरवी असे दृश्य दिसले की सुकाणूवाल्याच्या पोटात गोळा येतो. या दोघांनी एकमेकांचे अभिनंदन केले. पुढे टास्मानियाला पुरा वळसा घालून जानेवारीत ते सिडनीला परतले. आता सिडनीची वाट जवळजवळ आठवड्याने कमी झाली. नावाचा मान फ्लिंडर्सला सहज मागता आला असता, कारण गलबताचा ताबा त्याच्याकडे होता. तरी त्याने बासचे नाव पुढे केले आणि हंटरने ते मान्य केले.

ही मैत्री सगळ्यांना रुचली नाही. फेब्रुवारी १८००मध्ये फ्लिंडर्सने बासला फार जिव्हाळ्याचे पत्र लिहिले. बासची बायको एलिझाबेथ हिच्या हाती ते लागले, तेव्हा तिने त्यावरच नवऱ्यासाठी शेरा मारला: हा माणूस स्वार्थापलीकडे कुणाचा मित्र नाही.

लग्नानंतर काही महिन्यांतच बास ‘व्हीनस’ जहाजातून व्यापाराला निघाला. १८०२मध्ये फ्लिंडर्स ‘इन्व्हेस्टिगेटर’ घेऊन सिडनीला आला, तेव्हा बास पॅसिफिकमध्ये होता. तो परतला तोवर फ्लिंडर्स उत्तरेला गेलेला. ५ फेब्रुवारी १८०३ला बास पुन्हा निघाला; ना जहाजाचा पत्ता लागला, ना माणसांचा. फ्लिंडर्स ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा संपवून सिडनीत आला तो जूनमध्ये.

मायदेशी परतताना त्याने मॉरिशसला जहाज लावले. पुढे कोकणातली कुटुंबे जिथे जाऊन वसली, तेच हे बेट. तेव्हा ते फ्रेंचांचे होते आणि इंग्रजांशी त्यांचे युद्ध पेटले होते. त्यांनी त्याला हेर समजून साडेसहा वर्षे अडकवून ठेवले. १९ जुलै १८१४ला तो लंडनमध्ये वारला. प्रवासवर्णन आदल्याच दिवशी प्रसिद्ध झाले होते. त्याची कबरही पुढे हरवली. २०१९मध्ये लंडनच्या युस्टन स्थानकाजवळ रेल्वेसाठी खोदताना ती सापडली, शवपेटीवरच्या शिशाच्या पाटीमुळे ओळख पटली, आणि जुलै २०२४मध्ये त्याला त्याच्या डॉनिंग्टन गावी पुन्हा पुरले.